नवी एचपीएलसी घेताना आधी ड्वेल व्हॉल्यूम मोजा

नवी एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) घ्यायचं ठरलं की कोटेशनं समोर येतात आणि चर्चा सुरू होते ती पंपाच्या कमाल प्रेशरवर. ६०० बार घ्यायची की १००० बार? औषधांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये बहुतेक काम १५० किंवा २५० मि.मी. लांबीच्या, ५ मायक्रॉनच्या कणांनी भरलेल्या कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीवर) चालतं. त्याला ४०० बारसुद्धा पुरतात. २ मायक्रॉनच्या आतल्या कणांचे कॉलम वापरायचे नसतील, तर १००० बारसाठी जादा पैसे घालवू नयेत. त्यापेक्षा जुन्या सिस्टिमवर व्हॅलिडेट झालेल्या ग्रेडियंट मेथड (ज्यांत सॉल्व्हंटचं मिश्रण हळूहळू बदलत जातं) नव्या सिस्टिमवर जशाच्या तशा चालतील का, हे आधी बघायला हवं.

ते ठरतं ड्वेल व्हॉल्यूमवर. सॉल्व्हंट जिथं एकत्र मिसळतात तिथपासून कॉलमच्या तोंडापर्यंतची सगळी जागा म्हणजे ड्वेल व्हॉल्यूम. क्वाटर्नरी (चार सॉल्व्हंटच्या) पंपात मिश्रण पंप हेडच्या आधी होतं, त्यामुळे पंप हेड, डॅम्पर (प्रवाहाचे धक्के शोषणारा भाग), मिक्सर हे सगळं त्यात धरलं जातं. आकडा साधारण १ मि.ली.च्या आसपास जातो. बायनरीत (दोन सॉल्व्हंटच्या पंपात) मिश्रण पंपानंतर होतं, म्हणून तो बराच कमी असतो.

समजा जुन्या सिस्टिमचा आकडा १.१ मि.ली. आणि नव्याचा ०.४ मि.ली. फ्लो मिनिटाला १ मि.ली. असेल तर ग्रेडियंट कॉलमवर ०.७ मिनिट लवकर पोचतो. उशिरा येणारे पीक (आलेखातले उंचवटे) नुसते थोडे आधी येतात. लवकर येणाऱ्या इम्प्युरिटींचं (अशुद्धींचं) मात्र बिघडतं. सुरुवातीला त्यांना कमी ऑरगॅनिक सॉल्व्हंटमध्ये जो वेळ मिळत होता तो घटतो आणि जेमतेम वेगळी होणारी जोडी एकात एक मिसळते. सिस्टिम सुटेबिलिटी (सिस्टिम मेथडसाठी योग्य चालते का याची चाचणी) फेल होते, संशय कॉलमवर जातो आणि चांगले कॉलम विनाकारण बाद होतात.

ब्रोशरमधला आकडा बहुधा सर्वांत लहान मिक्सर आणि लूपचा (नमुना धरणाऱ्या नळीचा) असतो, तेव्हा डेमोच्या वेळी स्वतः मोजा. कॉलम काढून त्या जागी १ मीटर लांब, ०.१२ मि.मी. आतल्या व्यासाची कॅपिलरी लावा. ए बाटलीत पाणी, बी बाटलीत ०.१ टक्का ॲसिटोन घातलेलं पाणी, डिटेक्टर २६५ नॅनोमीटरवर. २० मिनिटांत ० ते १०० टक्के बी, मग १० मिनिटं तिथंच थांबवा. ॲब्सॉर्बन्स (प्रकाश शोषला जाण्याचं प्रमाण) वरच्या सपाट रेषेच्या निम्म्यावर कधी आला ते वाचा. तो ११.१ मिनिटांना आला तर त्यातून १० वजा करा, उरलेल्या १.१ ला फ्लोनं गुणा. झालं.

दोन सिस्टिममध्ये निवडायचं झालं तर कमी ड्वेलची घ्यावी. जुन्यापेक्षा कमी असेल तर सुरुवातीला ०.७ मिनिटाचा होल्ड (मिश्रण न बदलता थांबा) घालून जुळवता येतं; फार्माकोपियाही (औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ) ड्वेलमधल्या फरकासाठी ग्रेडियंटच्या सुरुवातीच्या वेळा बदलू देतो. जुन्यापेक्षा जास्त असेल तर इंजेक्शन उशिरा करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते.

पण मिक्सर फार लहान घेऊ नका. घेतला तर टीएफए (ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल) असलेल्या मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात) २१५ नॅनोमीटरला बेसलाइन लाटांसारखी डोलते आणि ०.०५ टक्क्याची इम्प्युरिटी त्यात हरवते. हेही डेमोतच, आपल्या मेथडवर, आपल्या कॉलमवर बघा. कॅरीओव्हरसाठी (आधीच्या नमुन्याचा अंश मागे उरतो का हे बघायला) सगळ्यांत चिकट नमुन्यानंतर ब्लँक (नमुना नसलेलं द्रावण) इंजेक्ट करा. कॅफीनसारख्या सोप्या नमुन्यावर सगळ्याच सिस्टिम उत्तम दिसतात.

फॉस्फेट बफर रोजचा असेल तर सील वॉश (पंपाचं सील धुणारी सोय) हवाच. तो नसेल तर पंप हेडच्या खाली बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागते. ते मीठ सील खातं. क्वाटर्नरीत बफरची नळी प्रपोर्शनिंग (सॉल्व्हंटचं प्रमाण ठरवणाऱ्या) व्हॉल्व्हच्या खालच्या पोर्टला आणि ॲसिटोनायट्राइल वरच्या पोर्टला जोडावं, म्हणजे सुटलेलं मीठ व्हॉल्व्हमध्ये खाली उतरत नाही.

कोकणपट्टीतल्या लॅबनी आणखी एक बघावं. पावसाळ्यात ४ अंशांवर ठेवलेल्या ऑटोसँपलरमध्ये भरपूर पाणी सुटतं. त्याची ड्रेन नळी सरळ उताराची हवी आणि तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडलेलं नसावं.

ऑर्डरमध्ये एक ओळ घालून घ्या: स्वीकृती आयक्यू-ओक्यूवर (यंत्र नीट बसलं आणि चालतं का याच्या तपासणीवर) थांबणार नाही, लॅबच्या दोन ग्रेडियंट मेथड आपल्या जागेवर सिस्टिम सुटेबिलिटीसह पास झाल्यावरच शेवटचा हप्ता दिला जाईल.