41 की 42?

टेनिसचं थेट प्रक्षेपण चालू असताना पडद्याच्या तळाशी आकड्यांची पट्टी येते ना, ती भरणाऱ्यांपैकी मी एक. समालोचक बोलतात, आम्ही मागून त्यांना आकडे पुरवतो. काम तसं निवांत. आकडा चुकला तरच लोकांना कळतं की असं कुणीतरी बसलेलं असतं.

2011 च्या फ्रेंच ओपनमध्ये मात्र निवांतपणा नावालाही नव्हता. नोव्हाक जोकोविच त्या वर्षी एकही सामना हरला नव्हता. चौथी फेरी जिंकली तेव्हा हिशेब 41-0 झाला. जॉन मॅकेन्रोनं 1984 ची सुरुवात 42-0 अशी केली होती, म्हणजे आणखी एक विजय मिळाला की बरोबरी. उपांत्यपूर्व फेरीत समोर इटलीचा फाबियो फॉग्निनी. बरोबरीची पट्टी आदल्या दिवशीच रंगवून तयार होती.

पण फॉग्निनीनं आधीच्या फेरीत मोंटानेसला पाचव्या सेटमध्ये 11-9 असं हरवलं होतं ते अक्षरशः एका पायावर. शेवटी शेवटी तर तो चेंडूमागे धावतच नव्हता, उभ्या उभ्या फटके मारत होता. मांडी पार गेली होती. दुसऱ्या दिवशी बातमी आली, फॉग्निनीची माघार. जोकोविच न खेळताच उपांत्य फेरीत.

आमचे निर्माते लगबगीनं आले. "चला, 42 झाले. टाका पट्टी."

"नाही सर, 41 च."

"अहो, पुढच्या फेरीत गेला ना तो?"

"गेला. पण वॉकओव्हर विजयात धरत नाहीत."

त्यांचा विश्वास बसेना, आणि त्यांचं काही चुकत होतं असंही नाही. पुढच्या फेरीचं बक्षीस मिळतं, पुढच्या फेरीचे गुण मिळतात, फक्त जिंकलेल्या सामन्यांत भर पडत नाही. सामना सुरूच झाला नाही, तर नोंद कशाची करणार? मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला: "आणि तो कोर्टावर येऊन दोन चेंडू खेळून लंगडत परत गेला असता तर?"

"तर 42."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मीही मनातल्या मनात नियम पुन्हा तपासला. सामना सुरू झाल्यावर प्रतिस्पर्ध्यानं सोडला तर तो पूर्ण विजय, मग एकच गेम झालेला असो. एका दुखऱ्या मांडीनं जोकोविचला मॅकेन्रोशी बरोबरी करण्याची संधी हिरावून घेतली, तीही त्याला हरवून नव्हे, तर त्याच्याशी न खेळून. मला हा नियम बरोबरच वाटतो. पण त्या दिवशी तो समजावून सांगताना आपण न्यायाधीश नसून कारकून आहोत हे चांगलंच जाणवलं.

मी त्यांना व्हिलासचं उदाहरण दिलं. 1977 मध्ये गिलेर्मो व्हिलास सलग 46 सामने जिंकला होता, क्ले म्हणजे मातीच्या कोर्टवर तर 53. एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या अंतिम सामन्यात इली नस्तासे 'स्पॅगेटी' रॅकेट घेऊन उतरला. त्या रॅकेटच्या तारा एकमेकींत विणलेल्या नसायच्या, त्यामुळे चेंडूला भलताच स्पिन मिळायचा आणि तो कुठे उडेल याचा नेम नसायचा. दोन सेट गमावल्यावर व्हिलास वैतागून निघून गेला. सामना अर्धवट, पण सुरू झालेला. म्हणून ती हार धरली गेली आणि दोन्ही मालिका तुटल्या. त्या रॅकेटवर पुढे बंदी आली, निकाल मात्र तसाच राहिला. (त्या 53 चा विक्रम नदालनं 2006 च्या फ्रेंच ओपनमध्ये मोडला तो सोडरलिंगला हरवून. त्याच सोडरलिंगनं 2009 मध्ये त्याच स्पर्धेतली नदालची 31 विजयांची घोडदौड रोखली. असले योगायोग पट्टीत बसत नाहीत, म्हणून इथे.)

निर्माते थंड झाले न झाले तोच दुसरा घोळ. एका समालोचकाच्या कागदावर 43 लिहिलेलं. "तुमचे 41 कुठून आले?" दोन्ही आकडे खरे होते. डिसेंबर 2010 मध्ये सर्बियानं फ्रान्सला हरवून डेव्हिस कप जिंकला, तेव्हा जोकोविचनं सिमाँ आणि माँफिसला हरवलं होतं. सलग विजय मोजले तर ते दोन धरून 43, वर्षाची सुरुवात मोजली तर 41. मॅकेन्रोशी तुलना वर्षाच्या सुरुवातीची, त्यामुळे तिथे 43 टाकला असता तर मॅकेन्रो मागे पडल्याचीच बातमी झाली असती. शेवटी दोन वेगळ्या पट्ट्या केल्या. 41 च्या खाली 'वॉकओव्हर वगळून' असं लिहावं असा माझा आग्रह होता. जागा नाही म्हणाले. मी अक्षरं बारीक करून ते बसवलं.

शुक्रवारी उपांत्य फेरीत फेडररनं जोकोविचला चार सेटमध्ये हरवलं, चौथा टायब्रेकमध्ये. आदल्या नोव्हेंबरमध्ये लंडनला जोकोविच शेवटचा हरला होता तोही फेडररकडूनच. मालिकेच्या दोन्ही टोकांना एकच माणूस. ही पट्टी मी सामना संपायच्या आधीच करून ठेवली होती आणि या वेळी कुणी काही विचारलं नाही.