आमची वाटचाल : आधी सुका पाला, मग कोंबड्या

परसातल्या कोंबड्यांसाठी खुराडी आणि भाजीसाठी लाकडी चौकटीचे वाफे, या दोन वस्तूंवर आमचं काम सुरू झालं. दोन्ही आम्ही वेगवेगळ्या विकायचो. आता त्यांच्यामध्ये खताची पेटी आली आहे, आणि ऑर्डर घेताना पहिला प्रश्न तिच्याचसाठी असतो: वर्षभर पुरेल एवढा सुका पाला तुमच्याकडे कुठून येणार? कोंबड्या किती, अंडी किती, हे त्यानंतर. हा क्रम आम्हाला दुरुस्तीला परत आलेल्या मालानं शिकवला.

पहिली खुराडी परत आली ती जाळीमुळे. षटकोनी विणीची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, लहान शिकारी प्राणी तिच्या भोकातून पंजा घालतात, उंदीर तर सरळ आत शिरतो. आता आम्ही सगळीकडे अर्ध्या इंची चौकोनी, वेल्ड केलेली, जस्त चढवलेली जाळी वापरतो. ती नुसत्या पिनांनी ठोकत नाही. पिना ओढीनं निघतात. जाळीवर लाकडी पट्टी ठेवून दर 15 सेंटिमीटरला स्क्रू मारतो. उकरून येणाऱ्यांसाठी जाळीचा दीड फुटी पट्टा भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला आडवा पसरून त्यावर थोडी माती टाकली की पुरतं. उकरणारा प्राणी भिंतीलगतच उकरायला लागतो, मागे सरकून सुरुवात करत नाही. त्यामुळे खोल चर खणायची गरज सहसा पडत नाही. दाराला साधा कोयंडा पुरत नाही. उचलून मग सरकवावी लागेल अशी, दोन हालचालींची कडी लावावी.

याहून मोठी चूक हवेची होती. थंडी लागेल या समजुतीनं आम्ही खुराडी चारही बाजूंनी बंद करायचो. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणी असतं, शिवाय श्वासातून बाफ निघते. बंद खुराड्यात ही ओल पत्र्याला आतून लागते, ठिबकते आणि तळाचा भुसा भिजवते. भिजलेल्या भुशातून अमोनिया सुटतो. सकाळी दार उघडल्यावर डोळे चुरचुरले, तर समजा की कोंबड्या रात्रभर त्याच हवेत बसल्या होत्या. त्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा नाजूक. पिसांची पूर्ण वाढ झालेल्या कोंबडीला कोरडी थंडी सहज सोसते. ओल आणि अंगावर येणारा झोत सोसत नाही. कडाक्याच्या थंडीत तुरा काळा पडतो, तोही बहुधा ओल साठलेल्या खुराड्यातच. म्हणून आता छताखाली समोरासमोरच्या दोन बाजूंना पूर्ण लांबीची जाळीदार फट ठेवतो, बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर. झोत वरून जातो, ओल बाहेर पडते, खाली वारा लागत नाही.

बसायची दांडी हा आम्हाला क्षुल्लक भाग वाटायचा. कोंबडी आत सगळ्यांत उंच जागा शोधून झोपते. अंडी घालायचे खण दांडीच्या उंचीला किंवा वर असतील तर ती खणात झोपते, रात्रभर तिथेच घाण करते आणि सकाळची अंडी बरबटतात. त्यामुळे दांडी खणांपेक्षा किमान एक फूट उंच हवी. साधारण 5 सेंटिमीटर रुंद, कडा गोल केलेली, दर कोंबडीमागे 20 ते 25 सेंटिमीटर लांबी. गुळगुळीत धातूची नळी नको. पंजाला पकड मिळत नाही. खण एक फूट लांब, रुंद, उंच. चार-पाच कोंबड्यांना एक पुरतो, कारण जास्त ठेवले तरी सगळ्या एकाच खणासाठी भांडतात.

दांडी कायमची ठोकू नये, हे लाल माइटनी शिकवलं. हा किडा दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतो. दांडीच्या टोकाशी, सांध्यात, फळीच्या भेगेत लपतो आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतो. दिवसा कोंबडी उचलून तपासली तर काहीच सापडत नाही, म्हणून महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. अंडी कमी, तुरा फिका, संध्याकाळी आत जायला कोंबड्या कां-कू करतात, एवढंच दिसतं. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूनं पांढरा कागद फिरवा. रक्ताचे बारीक डाग उमटले तर माइट आहेत. रिकाम्या खुराड्यातही ते कित्येक महिने उपाशी तग धरतात, त्यामुळे थोडे दिवस खुराडं मोकळं ठेवून उपयोग नाही. दांड्या काढायच्या, सांधे उकळत्या पाण्यानं धुवायचे, पूर्ण वाळू द्यायचे, कोंबड्यांना चालणारं औषध मारायचं आणि आठवड्यानं हे सगळं पुन्हा करायचं, कारण अंड्यांतून नवी पिढी तोवर बाहेर आलेली असते. तेव्हापासून आमची दांडी खाचेत नुसती ठेवलेली असते, आणि सांधे शक्य तितके कमी. छतावर डांबरी कागद टाकणंही आम्ही सोडलं. त्याच्या खालची फट माइटना फार आवडते.

‘आठ कोंबड्यांचं खुराडं’ अशी चिठ्ठी आम्ही लावायचो, ती काढून टाकली. आठ कोंबड्या झोपतात तेवढ्या जागेत, पण जगत नाहीत. आत दर कोंबडीला 4 चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीच्या अंगणात 10 चौरस फूट, त्याखाली आम्ही जात नाही. दाटीत एकमेकींची पिसं उपटणं सुरू होतं, आणि एकदा रक्त दिसलं की थांबवणं अवघड. जखमी कोंबडी लगेच वेगळी करावी.

मालाबाबत एक तक्रार वारंवार यायची: ‘नव्या खुराड्यात आणल्यापासून अंडी बंद.’ यात खुराड्याचा दोष क्वचितच असतो. जागा बदलली की आठवडा-दोन आठवडे खंड पडतोच. तलंगा, म्हणजे वयात येणाऱ्या कोंबड्या, 18 ते 22 आठवड्यांच्या होईपर्यंत अंडी घालत नाहीत, काही जाती त्याहून उशिरा. दिवस 14 तासांपेक्षा लहान झाला की उत्पादन उतरतं. वर्षातून एकदा पिसं गळतात, तेव्हा दोन-तीन महिने अंडी बंदच, कारण खाद्यातली प्रथिनं नव्या पिसांकडे जातात. एखादी खुडूक झालेली, म्हणजे उबवायला बसलेली असते आणि खण सोडत नाही. तिला जाळीच्या तळाच्या उंच पिंजऱ्यात, खाद्यपाण्यासह तीन-चार दिवस ठेवलं की पोटाखालून हवा लागून खुडूकपणा बहुधा मोडतो. आणि बऱ्याचदा कोंबडी झुडपाखाली अंडी घालत असते, ती शोधलेलीच नसतात.

कवच पातळ असेल तर आधी खाद्य पाहावं. अंड्यावरच्या कोंबडीला रोज 110 ते 120 ग्रॅम खाद्य, त्यात साधारण 16 टक्के प्रथिनं आणि 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम लागतं. घरातलं उरलंसुरलं आणि दाण्यांचा खाऊ एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शापुढे गेला, की हे प्रमाण बिघडतं. शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज आहे ती खाते. खडे मात्र वेगळे: ते पेषणीत, म्हणजे पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत, दाणा भरडायला लागतात, शिंपल्यांनी ते काम होत नाही. उन्हाळ्यात खाद्य बरोबर असूनही कवच पातळ होतं, कारण कोंबडी धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडतो. तिथे उपाय सावली आणि थंड पाणी. एका कोंबडीला एरवी पाव लिटर पाणी पुरतं, उन्हात त्याच्या दुपटीपर्यंत लागतं.

वाफ्यांकडे वळतो. आमचे पहिले वाफे 1.5 मीटर रुंद होते. मध्यापर्यंत हात पोचत नाही, मग माणूस आत पाय ठेवतो, माती दबते, आणि मऊ मातीसाठी केलेल्या चौकटीचा हेतूच संपतो. आता दोन्ही बाजूंनी पोचता येत असेल तर 1.2 मीटर, भिंतीलगत 75 सेंटिमीटर. पालेभाज्या आणि मुळ्याला 20 सेंटिमीटर भुसभुशीत माती चालते. टोमॅटो, वांगी, मिरचीला 30 ते 40 लागते. टोमॅटोच्या बुडाला काळा खोलगट डाग आला की लोक चुना आणतात. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पाणी मात्र एक दिवस भरपूर आणि चार दिवस काहीच नाही असं पडत असतं, त्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. आच्छादन करा, पाणी नियमित द्या. पुढची फळं चांगली येतात.

कोंबड्या आणि वाफे एकत्र आणले तिथे आमच्याकडून खरी चुकीची शिकवण गेली. हंगाम संपला की कोंबड्या वाफ्यात सोडा, त्या किडे वेचतील, तण काढतील, खतही देतील, असं आम्ही सांगायचो. किडे वेचतात हे खरं. पण कच्च्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. भाजीचा खायचा भाग मातीला लागत असेल तर कच्चं खत पडल्यापासून काढणीपर्यंत 120 दिवस जावे लागतात. मातीपासून वर असेल तर 90. पालक महिना-दीड महिन्यात काढणीला येतो, म्हणजे हे गणित बसत नाही. शिवाय ताज्या विष्ठेतला नत्र (नायट्रोजन) अमोनियाच्या रूपात कोवळी मुळं जाळतो. त्यातून वाचलं तरी घेवड्याला नुसता पाला येतो, शेंगा नाहीत. आता आम्ही वाफ्यांच्या भोवती कोंबड्यांची जाळीची गल्ली करतो. बाहेरून येणारे किडे त्या वेचतात, आत मात्र येत नाहीत. गल्लीवर छत घालत नसाल तर जाळीच्या वरच्या काठाला लाकडी पट्टी लावू नका. बसायला पक्का काठ दिसला की कोंबडी उडून त्यावर बसते, डुलणाऱ्या जाळीवर बसायला सहसा धजत नाही. आणि बटाट्याचा, टोमॅटोचा पाला किंवा हिरवे पडलेले बटाटे गल्लीत फेकू नयेत, ते विषारी आहेत. कोरडा कच्चा राजमाही नको.

म्हणून मधे खताची पेटी आली. एक कोंबडी रोज साधारण 120 ग्रॅम विष्ठा टाकते. चार कोंबड्यांची महिन्याला 15 लिटर धरा. तिच्यात नत्र फार आणि कर्ब (कार्बन) थोडा, म्हणून एका मापाला दोन ते तीन मापं चुरलेला सुका पाला किंवा रंध्याचे छिलके लागतात: महिन्याला 30 ते 45 लिटर. पाला आधी अंगणात पसरावा, कोंबड्या तो उकरून चुरतात, मग तो पेटीत जावा. एकाच पाल्याचं दोनदा काम होतं. दांडीखाली सरकती फळी ठेवली की रात्रीची विष्ठा वेगळी, कोरडी मिळते.

पेटीतला ढीग किमान एक मीटर लांब, रुंद, उंच हवा, नाहीतर उष्णता धरत नाही. मूठभर घेऊन दाबल्यावर एखाददुसरा थेंब निघावा, धार नको. मधे लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसला की 55 ते 65 अंश दिसायला हवेत. 55 च्या वर पंधरा दिवस, आणि त्या काळात पाच वेळा पलटी, म्हणजे कडेचं मधे येतं आणि रोगजंतू सगळीकडे मरतात. अमोनियाचा भपका आला तर पाला कमी पडला. कुजका वास आला तर ओल जास्त, हवा कमी. ढीग तापतच नसेल तर तो लहान आहे किंवा कोरडा. तापून निवल्यावर दोन-तीन महिने मुरू द्यावा.

पाला किंवा पेंढा बाहेरून आणत असाल तर एक चाचणी जरूर करा. काही तणनाशकं पेंढ्यात टिकतात, खत झाल्यावरही उरतात, आणि टोमॅटो-घेवड्याचे शेंडे गुंडाळून टाकतात. तयार खत आणि माती निम्मी-निम्मी मिसळून तीन कुंड्यांत घेवडा पेरा, तीन कुंड्यांत नुसती माती. तीन-चार आठवड्यांत पानं दोन्हीकडे सारखी दिसली तरच ते खत वाफ्यात घाला. घाईनं हा टप्पा गाळला तर वाफ्यातून ती माती काढण्याशिवाय दुसरा चटकन उपाय नाही.

चार कोंबड्यांच्या ढिगातून वर्षाला साधारण 200 लिटर तयार खत निघतं, असं धरून आम्ही चालतो. वर्षातून दोनदा एक सेंटिमीटर थर दिला तर ते 10 चौरस मीटर वाफ्याला पुरतं. याहून जाड थर वर्षानुवर्षं दिला तर स्फुरद (फॉस्फरस) आणि क्षार साठत जातात, म्हणून उरलेलं खत झाडाझुडपांना द्यावं. ज्यांचा वाफा 5 चौरस मीटरचा आणि मागणी दहा कोंबड्यांची, त्यांना आम्ही आधी हाच हिशेब दाखवतो आणि तीन-चारवरच थांबायला सांगतो. तीनच्या खालीही नको, कोंबडी एकटी राहत नाही.

सध्या प्रत्येक खुराड्यासोबत पाला साठवायचा जाळीचा पिंजरा देतो: एक मीटर लांब, रुंद, उंच, तळाला विटा, वर झाकण. अख्खा पाला चुरल्यावर निम्मा होतो, त्यामुळे एक भरलेला पिंजरा म्हणजे सुमारे 500 लिटर, चार कोंबड्यांचा वर्षाचा साठा. पानगळीच्या दिवसांत तो एकदा भरून घ्यावा. ओला पाला भरू नका, बुरशी धरते आणि तिच्या धुळीनं कोंबड्यांची छाती भरते. दोन दिवस उन्हात पसरून, हातात चुरा झाला की मगच आत टाका.