तेच ते शिकवून कंटाळा येत नाही का?

दरवर्षी प्रशिक्षणाला गेलं की जेवणाच्या सुट्टीत एखादी नवी शिक्षिका डबा उघडता उघडता विचारतेच, "मॅडम, चोवीस वर्षं तेच गणित! कंटाळा येत नाही? आणि आला तर काय करता?" मी हसून लोणचं पुढे करते, कारण खरं उत्तर एका पोळीत संपणारं नाही. आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज लिहूनच टाकते.

कंटाळा येतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तर असा आला होता, की जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रात्री पोटात गोळा यायचा. टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, काढायचं तर मागच्या वर्षीची वही समोर ठेवून तारखा बदलायच्या. आठवीला घनफळ शिकवताना माझा एक ठरलेला विनोद होता. फळ्यावर दंडगोल काढायचा आणि म्हणायचं, "हा लाडवांचा डबा. घनफळ काढा, लाडू मोजू नका, ते आधीच कुणीतरी खाल्लेत." वर्ग हसायचा. त्या वर्षी मी "हा लाडवांचा" म्हणाले आणि दुसऱ्या बाकावरच्या मुलाने शेजाऱ्याच्या कानात पुढचं वाक्य पूर्ण केलं. अगदी माझ्याच सुरात. त्याची मोठी बहीण तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होती. मी डबा पुसला आणि नुसतं सूत्र लिहिलं.

उपाय सगळे करून पाहिले. रजा घेतली, ती घराचे पडदे धुण्यात गेली. एका प्रेरणा व्याख्यानाला पाठवलं गेलं. तिथे वक्त्याने शंभर शिक्षकांना डोळे मिटून टाळ्या वाजवायला लावल्या. इयत्ता बदलून मागितली, तर नववी मिळाली. नववीतही मीच होते!

फरक पडला तो एका बदली तासाला. जुलैतला शनिवार होता, पाऊस धो धो, सातवी 'ब'मध्ये जेमतेम वीस-बावीस पोरं. त्यांचे सर निवडणुकीच्या कामाला गेलेले आणि माझ्याकडे पुस्तकही नव्हतं. वेळ काढायचा म्हणून बी.एड.च्या वेळी कुठेतरी वाचलेलं आठवलं आणि म्हटलं, चार अंक सांगा, सगळे सारखे नकोत. कुणी तीन म्हणालं, कुणी आठ, मग एक, पाच. चारांपासून होणारी सगळ्यात मोठी संख्या ८५३१, सगळ्यात लहान १३५८. वजा करा. ७१७३. आता त्याच्या अंकांचं पुन्हा तसंच: ७७३१ वजा १३७७, आले ६३५४. मग ३०८७. मग ८३५२. मग ६१७४. पुढे ७६४१ मधून १४६७ गेले तरी पुन्हा ६१७४. गाडी तिथे थांबते. कुठलेही चार अंक घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच.

पोरांचा विश्वास बसेना. प्रत्येकाने आपापले अंक घेतले. सातवीत असूनही हातच्याची वजाबाकी चुकवणारी सात-आठ मुलं असतातच. एरवी त्यांना वीस वजाबाक्या द्या, पाचव्याला वही मिटतात. इथे ती न सांगता सहा-सहा वजाबाक्या करत होती, कारण कुठेतरी पोचायचं होतं. एका मुलीचा आकडा पोचेचना. मी तिला एक खूण सांगितली: दोन्ही संख्यांत अंक तेच असतात, नुसते उलटसुलट, म्हणून वजाबाकीला नऊने भाग जातोच. उत्तरातले अंक मिळव, बेरजेला नऊने भाग गेला नाही तर तिथेच चुकलंय. तिने स्वतःच तिसरी पायरी शोधून खोडली.

तास संपता संपता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पाच अंक घेतले तर?"

मला माहीत नव्हतं.

एवढंच घडलं. पण किती वर्षांनी वर्गात मला एखादी गोष्ट माहीत नव्हती, हे मी बसमध्ये मोजत बसले. घरी गेल्यावर कुकर लावला आणि वाण्याच्या बिलाच्या मागे १२३४५ घेऊन सुरुवात केली. ५४३२१ वजा १२३४५, ४१९७६. मग ८२९६२. मग ७५९३३, ६३९५४, ६१९७४. आणि मग परत ८२९६२. मला वाटलं चुकले. तीन शिट्ट्या होऊन गेल्या, चौथीला नवरा गॅस बंद करायला आला. चूक नव्हती. पाच अंकांना थांबायची जागाच नाही, ते गोल फिरत राहतात. रात्री आणखी संख्या घेतल्या, तर वेगळं रिंगण सापडलं, आणि एक तर फक्त दोघांचं: ५३९५५ वरून ५९९९४, तिथून परत ५३९५५. साडेबारा वाजता झोपले. सोमवारची वाट बघत झोपायची सवय मोडून जमाना झाला होता.

हे सगळं ज्यांचं, ते द. रा. कापरेकर. माझं माहेर नाशिकजवळच्या भगूरचं, देवळाली तिथून हाकेच्या अंतरावर, आणि हा माणूस १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होता हे मला त्या आठवड्यात कळलं. लाजच वाटली. जन्म डहाणूचा, १९०५ चा. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, मग बी.एस्सी. झाले आणि तिथेच पदव्या संपल्या. ६१७४ त्यांना १९४९ साली सापडला, म्हणजे नोकरीच्या विसाव्या वर्षाच्या आसपास. माझ्या टाचणाच्या तारखा बदलण्याच्या वयात! डोंबिवलीला गाडी बदलताना त्यांना काही संख्या सुचल्या. तेव्हा त्या स्टेशनला डेम्लो म्हणायचे, म्हणून त्या डेम्लो संख्या. १, १२१, १२३२१ ही त्यातलीच मंडळी; ११ चा वर्ग, १११ चा वर्ग करून बघा. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५, अशा संख्यांना तर आज त्यांचंच नाव आहे. त्यांच्या काळच्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटायचा. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव जगभर गेलं. तोवर ते निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, आणि निवृत्तीनंतर पैशांच्या ओढाताणीपायी शिकवण्या घ्याव्या लागल्या होत्या. थोरांच्या गोष्टी ऐकून उभारी येणाऱ्यातली मी नाही. पण मास्तरकीचं ओझं तेच असताना खिशात स्वतःचं एक कोडं ठेवता येतं, हे त्यांच्याकडे बघून पटलं.

पोरखेळ म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. दोन वर्षांनी एका मुलाने विचारलं, "बाई, पण ६१७४ च का?" ह्याला आठ दिवस गेले. मोठ्याकडून लहानाकडे ओळीने लावलेले चार अंक घ्या. पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक, आणि मधल्या दोघांतला फरक, बस्स, वजाबाकीचं उत्तर एवढ्यावरच ठरतं. पहिल्या फरकाची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट, यांची बेरीज. हे फरक मोजायला बसलात तर जोड्या होतात ५४. म्हणजे हजारो संख्यांतून कुठलीही उचला, एका वजाबाकीत सगळ्यांची उत्तरं ५४ खुर्च्यांवर येऊन बसतात! मग आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे त्या ५४ संख्या लिहिल्या, वर्गाच्या भिंतीवर डकवल्या, आणि प्रत्येकीपासून तिच्या पुढच्या पायरीपर्यंत लोकर ताणली. सगळी लोकर वळत वळत एका पत्रिकेपाशी येते. आठवीतलं बीजगणित शिकवायला याहून चांगलं साधन मला तरी मिळालेलं नाही. तपासणीच्या आधी "भिंत स्वच्छ करा" असा निरोप आला. मी करते म्हणाले, आणि केली नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. ऑनलाइन माहिती भरताना आजही जीव जातो, सर्व्हर रात्री अकराला जागा होतो. मार्चमधले पेपरांचे गठ्ठे तसेच. अख्खा जानेवारी काही सुचत नाही अशी वर्षंही जातात. टाचणाच्या वहीत मात्र आता शेवटचं पान मोकळं ठेवते. मुलांनी विचारलेलं आणि मला न आलेलं तिथे उतरवते. मागच्या वर्षी त्या पानावर तीनच ओळी होत्या. लाडवांच्या डब्याचा विनोद बंद आहे. मध्ये एकदा केला, तर पोरांनी हसायचं सोडून डब्यात लाडू बसवताना जागा किती वाया जाते ते विचारलं. तीन ओळींतली एक तीच.

परवा नाशिकच्या द्वारका चौकात नेहमीसारखे अडकलो होतो. समोरच्या ट्रकच्या पाटीवर ९०२६. मी ओठ न हलवता करते, पण नवऱ्याला कळतंच.

"कितवी?" तो म्हणाला.

"चौथी. ३९९६. गप्प बस."

सिग्नल सुटला, ट्रक पुढे गेला. उरलेल्या तीन पायऱ्या बिटको चौकापर्यंत पुरल्या. सात लागल्या, पुऱ्या सात.