सहावा गिअर का नको

मंगळवारी तपासणी केंद्रातल्या इंजिनिअरने माझ्या गाडीच्या इंजिनबदलाची फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि एवढंच विचारलं, "पाचच गिअर?"

नाकारलं नाही त्याने काही. पण हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच लिहून टाकते. इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये तासावर लिफ्ट भाड्याने देणारी गॅरेज असतात, तिथल्या शेजारच्या लिफ्टवरच्या पोरांनी विचारला. ऑफिसात विचारला. बेळगावच्या अनगोळमधल्या मावसभावाने तर व्हिडिओ कॉलवर हसत विचारला, त्याच्या नव्या ऑटोमॅटिकमध्ये बसून.

गाडी तुम्हाला माहीत आहे, फोटो टाकून टाकून मीच कंटाळलेय. 1990 ची फोक्सवॅगन गोल्फ, दुसऱ्या पिढीची, मूळ 1.8 लिटर आणि 90 हॉर्सपॉवर. तिच्यात आता 1.8 लिटरचं, वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन बसतंय, 150 हॉर्सपॉवरचं. आपल्याकडे 2004 च्या सुमाराला ऑक्टाव्हिया आरएस आली होती ना, तिच्यातल्या इंजिनाचं सख्खं भावंड. एमएच-09 पासिंगची तसली एक गाडी वंटमुरी घाटात आमच्या जीपला मागे टाकून गेली होती, मी बारावीत होते. त्या आवाजाचं खूळ अजून उतरलेलं नाही, एवढंच.

जुन्या गोल्फचा गिअरबॉक्स, ज्याला सगळे 020 म्हणतात, टर्बोच्या ताकदीपुढे टिकत नाही. त्याची गिअरची ओढही रॉडची, म्हणजे बुश झिजले की दुसरा गिअर शोधावा लागतो. मग माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक 02J, पाच गिअरचा, केबलवर चालणारा, हायड्रॉलिक क्लचचा. दुसरा 02M, सहा गिअरचा. कागदावर पहिला साधारण 250 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, सोसतो, दुसरा 350. गॅरेजातली पोरं म्हणतात, "आज 150 आहे, उद्या 300 करशील, तेव्हा रडशील." मी म्हणते, मला 300 नकोच. (हे वाक्य पहिल्या वर्षी सगळेच म्हणतात असं ती पोरं म्हणतात. असो.)

माझा हिशेब सांगते, मग हसा. गिअरबॉक्स हॉर्सपॉवरने मरत नाही, टॉर्कने मरतो, आणि त्याहून जास्त झटक्याने. माझ्या इंजिनाचा टॉर्क 210 न्यूटन-मीटर. पण तो 1750 आरपीएमला मिळतो आणि जवळजवळ 4600 पर्यंत तसाच सपाट राहतो. ज्या इंजिनाला ताकदीसाठी वर फिरवत ठेवावं लागतं त्याला जवळजवळचे सहा गिअर हवेत. ज्याचा पट्टा एवढा रुंद आहे त्याला कशाला? शिवाय प्रत्येक वेळी गिअर बदलताना पाय ॲक्सिलरेटरवरून उठतो, टर्बोचा दाब पडतो, परत भरावा लागतो.

त्यातही मी पेट्रोल गाडीचा 02J घेतला नाही, डिझेलचा घेतला. पेट्रोलच्या बॉक्सच्या पाचव्याचं गुणोत्तर साधारण 0.84 आणि फायनलचं, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या जोडीचं, 3.94; आकडे मोठे तेवढं इंजिन जास्त फिरतं. माझ्या 195/50 च्या 15 इंची टायरवर 120 च्या वेगाला इंजिन साडेतीन हजारांच्या वर ओरडत राहणार. डिझेलवाल्याचा पाचवा 0.76 च्या आसपास, फायनल 3.39. त्याच वेगाला इंजिन अठ्ठावीसशेच्या घरात. लोकांना सहावा हवा असतो तो हायवेवर इंजिन शांत राहावं म्हणून, आणि ते काम माझा पाचवाच करतो. मधल्या गिअरांमधलं अंतर जास्त आहे, कबूल. तिसरा 1.36 आणि चौथा 0.97, तिसऱ्यात 4000 ला सोडला तर चौथ्यात 2850 ला पडतो. पण 2850 ला टर्बो जागाच असतो ना.

हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की सहा गिअरवाला जड पडतो, गोल्फमध्ये त्याला खास बनवलेले माउंट लागतात, आणि माझ्या बजेटमध्ये तो बसत नव्हता. बजेट शेवटी सांगितलं कारण ते शेवटचं कारण आहे. जवळजवळ.

02J ची एक दुखरी जागा मात्र आहे, आणि तिथूनच बेळगाव या गोष्टीत येतं. डिफरन्शियलवरचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावरचा, क्राउन (मोठं दातेरी चक्र) रिवेटने बसवलेला असतो. जोरात झटका बसला, चाकं फिरून एकदम पकड मिळाली, की रिवेटांची डोकी उडतात आणि कधी कधी बॉक्सचं आवरण फोडून बाहेर येतात. उपाय जुना आहे: रिवेट ड्रिल करून काढा, त्या जागी 12.9 ग्रेडचे बोल्ट घाला. बोल्टचा सेट इथे सहज मिळतो. पण इथल्या वर्कशॉपचा दर तासाला शंभर युरोंच्या वर. आणि मी गणपतीला घरी निघालेच होते.

म्हणून डिफरन्शियल धुऊन, पुसून, तीन टॉवेलांत गुंडाळून सुटकेसमध्ये घातला. मुंबईत बॅग उघडायला लावली. त्या माणसाने ते दातेरी लोखंड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गाडीचा पार्ट आहे, मामाकडे चाललाय." तो म्हणाला, "लोक इकडून तिकडे नेतात मॅडम."

मामाचं वर्कशॉप उद्यमबागेत आहे, दोन लेथ, एक जुनं, दाते कापायचं हॉबिंग मशीन, एक प्रेस. पाटी कन्नडमध्ये, खाली बारीक इंग्रजीत. मराठी पाटी आतल्या खोलीत कपाटामागे उभी आहे, मामा ती टाकूनही देत नाही आणि तिच्याविषयी बोलतही नाही.

"हे काय आणलीयास ग? लोक लोणचं न्यायला येतात, तू लोखंड घेऊन आलीस."

मग त्याने चष्मा लावला, क्राउन हातात फिरवला, दातांवरून अंगठा फिरवला. दात आवडले त्याला. नंतर उलटा केला आणि थांबला.

"रिवेट? सगळं एवढं चांगलं केल्यात, खरं रिवेट कशाला मारल्यात?"

मी म्हटलं, कारखान्यात स्वस्त आणि जलद पडत असेल, आणि मूळ इंजिनाला ते पुरतंही. त्याला पटलं नाही. पुढचे दोन तास वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला बोलावून दाखवत होता. चहावाल्यालासुद्धा. जर्मनीहून आलाय, रिवेट बघा. तुम्हाला सांगते, सात वर्षं मी इथल्या मीटिंगांमध्ये 'तुमच्याकडे अशी मशिनरी आहे का' या सुराचे प्रश्न ऐकते आहे. बेळगावच्या फाउंड्र्या, हायड्रॉलिक्सचे कारखाने, हत्तरगीच्या सेझमध्ये बनणारे विमानांचे भाग, हे सगळं मी तोंडपाठ म्हणून दाखवलंय. त्या दोन तासांत मला त्याची सगळी भरपाई मिळाली.

काम मात्र मामाने तसं केलं नाही, म्हणजे घाईत केलं नाही. हाताखालच्या पोराला "टाइट माडप्पा" म्हणायचं, मला "धर ग नीट" म्हणायचं, आणि क्राउन, पिनियन, बेअरिंग, शिम हे शब्द दोन्ही भाषांत तेच. बोल्ट एका आड एक, समोरासमोर, टॉर्क रेंचने. बेअरिंगची शिम, म्हणजे अंतर जुळवणारी पातळ चकती, मूळचीच ठेवायची, हे त्याने तीनदा बजावलं. वाद झाला तो तेलावरून. "90 नंबर घाल, विषय संपला." मी म्हटलं, मामा, याला जीएल-4 ग्रेडचं तेल लागतं. तुझ्या 90 नंबरमध्ये जीएल-5 ची गंधकाची रसायनं असली तर पितळी सिंक्रो खातात. त्याने थोडा विचार केला. "तुमचं पितळ नाजूक," म्हणाला.

आणि गिअर किती ते ऐकल्यावर मात्र त्याला काहीच नवल वाटलं नाही. "पाच बस्स झाले की ग. आमच्या जीपला चार होते, गोव्याला पोचत नव्हतो काय?"

त्याच जीपवर मी शिकले, जांबोटीच्या रस्त्याला. इथे आल्यावर भारतीय लायसन्स सहा महिने चाललं, मग लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा नव्याने. पहिल्या दिवशी दुसरा टाकायला गेले आणि डावा हात दारावर आपटला. इथे गिअर उजव्या हाताला. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची आपली घाटातली सवय बघून शिकवणाऱ्याने डोळे मिटून घेतले होते. तेव्हा एक नियम मला फार आवडायचा: ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीत तर लायसन्सवर तसा शेरा, मॅन्युअल चालवायची नाही. 2021 पासून तोही सैल केला, ऑटोमॅटिकवर परीक्षा द्या, मॅन्युअलचे दहा धडे घ्या, चालतंय. मला उगाच वाईट वाटलं. मावसभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "तिसऱ्या रेल्वे गेटच्या गर्दीत संध्याकाळी ये, मग क्लचचं कौतुक सांग." त्याचंही बरोबर आहे. पण तो गर्दीत चालवतो आणि मी रविवारी सकाळी हार्त्सच्या डोंगरात चालवणार आहे, तुलना बरोबरीची नाही.

इथला नियम मला खरोखर आवडतो तो हा: गाडीत असा बदल केलात की तिची मूळ मंजुरी संपते. मग वाहन नियमांच्या 21 व्या कलमाखाली तज्ज्ञ इंजिनिअर त्या एकट्या गाडीची तपासणी करतो. इंजिन नवं तर त्याचं कॅटलिस्टसकट सगळं धुराचं सामान यायला हवं, ब्रेक तेवढ्या ताकदीचे हवेत (मी जी-60 मॉडेलचे 280 मिलिमीटरचे घातले). आणि कापाकापी करण्याआधी जाऊन विचारता येतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही सांगतो की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नको. म्हणजे मामाच्या हाताला इथे कागद मिळतो, तिथे नाही. हे मी मामाला सांगितलं नाही. त्यानेही मला परत कधी येणार ते विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.

तर मंगळवारी. मी 210 चा आकडा सांगितला, टॉर्कचा आलेख दाखवला. इंजिनिअरने मान डोलावली, लिहून घेतलं. मग त्याचं बोट बोल्टच्या ओळीवर थांबलं. हे कुणी केलं? वर्कशॉप कुठलं? बोल्टचा ग्रेड आणि किती टॉर्कला आवळले, ते त्यांच्या लेटरहेडवर, सहीनिशी आणा.

रात्री मामाला फोन केला. लेटरहेड आहे म्हणाला, छापून पडलंय, वर कन्नड, खाली इंग्रजी. आकडे इंग्रजीत लिहून देतो. मग थोडा वेळ काही बोलला नाही, मागे प्रेसचा आवाज येत होता.

"सही मराठीत केली तर चालंल काय ग तिकडं?"