न विचारलेल्या प्रश्नाभोवतीचा प्रबंध

रवांडातले शिक्षक शाळेत इतिहास कसा शिकवतात, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. एम.ए. मी मुंबई विद्यापीठातून राज्यशास्त्रात केलं. कलिना संकुलात आफ्रिका अध्ययन केंद्र आहे, आफ्रिकेच्या राजकारणाचं वाचन तिथेच सुरू झालं. पुढे ब्रिटनमध्ये शिष्यवृत्तीवर संशोधनाची जागा मिळाली, तेव्हा घरच्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं : आपल्याकडे विषय संपले का? शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं आणि आता दोघांची मुलं एकाच बाकावर बसणार आहेत, तर शिक्षकाने फळ्यावर काय लिहायचं? हा प्रश्न मला सोडत नव्हता. आणि तो रवांडाइतका उघड मला दुसरीकडे कुठे दिसला नव्हता.

एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत तिथे आठ लाखांहून अधिक माणसं मारली गेली. सरकारी आकडा दहा लाखांच्या वर आहे. हुतू, तुत्सी आणि त्वा हे तिथले तीन समाजगट. मारले गेलेल्यांत बहुसंख्य तुत्सी होते, आणि मारणारे मुख्यतः हुतू कट्टरपंथी. शाळा यात बाजूला नव्हत्या. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा अशी नोंद सुरू केली. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी ती ठेवली आणि माध्यमिक शाळांतले प्रवेशही त्याच हिशेबाने दिले. वर्गात शिक्षक मुलांना गटागटाने उभं राहायला सांगत. काही मुलांना आपण कोण हे त्या दिवशी पहिल्यांदा कळे. नरसंहारानंतर नव्या सरकारने इतिहासाचं शिकवणंच थांबवलं. कोणता इतिहास शिकवायचा यावर एकमत व्हायला वर्षं गेली. मधेच २००८ मध्ये शिक्षणाचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर आलं. २०१५ च्या अभ्यासक्रमाने मुलांनी चर्चा करावी, पुरावे तपासावेत अशी अपेक्षा ठेवली, आणि नरसंहाराचा धडा त्याच अपेक्षेसह शिक्षकाच्या हाती दिला.

प्रत्यक्ष कामाआधी परवानग्या होत्या. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांना मी हे मुद्दाम सविस्तर सांगते, कारण यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. आधी आपल्या विद्यापीठाची नीतिसमिती. मुलाखत देताना कुणाला जुनी जखम उघडली तर तुम्ही काय कराल, असं तिने विचारलं. ‘मुलाखत थांबवीन’ एवढं उत्तर पुरलं नाही. जवळचा समुपदेशक कोण, तिथवर जायचा खर्च कोण देणार, हे लिहून द्यावं लागलं. मग रवांडातल्या एखाद्या संस्थेशी संलग्नता, तिथल्या नीतिसमितीची मंजुरी, सरकारचं संशोधन परवानापत्र. ते पत्र घेऊन जिल्हा कार्यालय, तिथून सेक्टर (जिल्ह्याखालचा प्रशासकीय विभाग), आणि शेवटी मुख्याध्यापक. प्रत्येक ठिकाणी शिक्का. एप्रिलमध्ये मुलाखती ठेवू नका. ७ तारखेपासून शोकसप्ताह असतो, आणि त्या दिवसांत अनेकांना ते सगळं पुन्हा अंगावर येतं.

या कागदांतून जाताना माझी मूळ प्रश्नावली कोसळली. तुम्ही हुतू की तुत्सी, हे तिथे विचारायचं नसतं. ओळखपत्रावरून ती नोंद गेली आहे, ‘आपण सगळे रवांडन’ ही राज्याची भूमिका आहे, आणि फूट पाडणाऱ्या बोलण्यावर कायदे आहेत. सुचवण्याचे आडमार्ग भरपूर असतात. चांगली इंग्रजी बोलणारा युगांडात वाढला असेल, म्हणजे १९५९ च्या तुत्सीविरोधी हिंसाचारानंतर पळालेल्या कुटुंबातला असेल. ‘१९९४ मध्ये तुम्ही कुठे होतात’ यावरूनही तर्क करता येतो. मी ते तर्क टिपायचे नाहीत असं ठरवलं. ज्याने स्वतः सांगितलं नाही, त्याला प्रबंधात मी पुन्हा तीच चिठ्ठी चिकटवणं मला मान्य नव्हतं.

त्याऐवजी मी विचारू लागले : तुम्ही विद्यार्थी होतात तेव्हा इतिहासाचा तास कसा असायचा? या एका प्रश्नाने सगळं काम उभं केलं. कुणी वर्गात उभं राहिल्याचं सांगितलं, कुणी बसून राहिल्याचं. एक शिक्षिका बराच वेळ बोलल्या, पण आज हाच धडा तुम्ही कसा घेता म्हटल्यावर म्हणाल्या, ‘पुस्तकात आहे तो वाचून घेते.’ चर्चेत एखादा मुलगा घरी ऐकलेलं बोलून गेला तर जबाबदारी कुणाची, ही भीती अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितली. राज्याच्या स्मृतीत नरसंहाराचे बळी आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण १९९५ मध्ये किबेहो इथल्या विस्थापितांच्या छावणीत, किंवा १९९६-९७ मध्ये शेजारच्या काँगोच्या जंगलात, सध्याच्या सत्ताधाऱ्यांच्या सैन्याकडून ज्यांची माणसं मेली, त्यांच्या दुःखाला सार्वजनिक जागा नाही. ही दोन्ही हिंसा एका तराजूत घालणं म्हणजे नरसंहार नाकारणाऱ्यांच्या हाती कोलीत देणं, हे मी स्पष्टपणे लिहिलं. आणि तरीही घरी ऐकलेलं वर्गात बोलून जाणाऱ्या अशा मुलाच्या घरी शोक असू शकतो, हेही लिहिलं. प्रबंधातलं हे प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळा नव्याने लिहिलं.

एका शिक्षकांनी मलाच विचारलं, ‘तुमच्याकडे शाळेत विचारतात का?’ मी त्यांना शाळा सोडल्याच्या दाखल्याबद्दल सांगितलं, त्यावर जात लिहिलेली असते, आणि त्याच नोंदीच्या आधारे पुढे आरक्षण मिळतं. ते थक्क झाले. अन्याय भरून काढायचा तर मोजावं लागतं, असं आपण म्हणतो. मोजलं म्हणूनच मारता आलं, असं ते म्हणतात. दोघांकडेही आपापला इतिहास आहे, आणि त्या दुपारी आमच्यापैकी कुणीच दुसऱ्याला पटवू शकलं नाही.

लिहिताना शाळांची नावं, जिल्हे, शिक्षकांची वयं, सगळं काढलं. लहान देशात ‘टेकडीवरच्या शाळेतले इतिहासाचे सर’ एवढं म्हटलं तरी माणूस ओळखू येतो. मग पुरावा तपासायचा कसा, असं तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं. वर्गनिरीक्षणाच्या नोंदी आणि पाठ्यपुस्तकांतला मजकूर यांच्या आधारे मी बाजू मांडली. किरकोळ दुरुस्त्यांसह पदवी मिळाली. त्यानंतरचा काळ एकेका वर्षाच्या करारांचा होता, आणि आफ्रिका शिकवणाऱ्या जागा भारतात फार थोड्या आहेत, हे येणाऱ्यांनी आधीच धरून चालावं.

सध्या काम बुरुंडीवर आहे. शेजारचाच देश, तेच गट, पण वाट उलटी : तिथल्या २००५ च्या संविधानाने राष्ट्रीय सभेत ६० टक्के हुतू आणि ४० टक्के तुत्सी असं प्रमाण ठरवून दिलं. १९७२ च्या हत्याकांडात तिथे शिकलेले हुतू, शिक्षक आणि विद्यार्थी वेचून मारले गेले. तिथली किरुंडी भाषा रवांडाच्या किन्यारवांडाला इतकी जवळची आहे की भाषेचं ओझं हलकं झालं आहे. प्रश्नावली मात्र पहिल्या ओळीपासून नवी लिहिते आहे. तिथे गट विचारता येतो, म्हणून तो विचारायचाच का, यावर माझ्या तिथल्या सहकाऱ्यांशी अजून वाद चालू आहे.