शनिवारचा वर्ग आणि शुक्रवार पेठेतले मामा

फॉर्मवर तिसरा रकाना होता, 'पूर्वीचा धर्म'. मामांनी त्यावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"पूर्वीचा म्हणजे? अजून हाय की."

चूक माझीच होती. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कपाटात एका जुन्या फायलीत हा फॉर्म सापडला, मी वरची तारीख बदलली आणि दहा झेरॉक्स काढून आणल्या. तो बाप्तिस्म्यासाठी नाव देणाऱ्यांचा फॉर्म होता. नुसतं बघायला आलेल्या माणसांपुढं मी तो ठेवला होता, तोही पहिल्याच दिवशी आणि चहाच्या आधी.

मी कोल्हापुरातल्या एका प्रोटेस्टंट मंडळीचा पाळक. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सहा शनिवार मी नवीन येणाऱ्यांचा वर्ग घेतो. आपण काय मानतो, कुठून आलो, रविवारी काय चालतं, कुणाला मत असतं, पैसे कुठं जातात, असं सगळं त्यात येतं. बदली होऊन आलेली कुटुंबं येतात, नर्सिंगच्या मुली येतात, लग्न ठरलेली जोडपी येतात. सहा शनिवार झाल्यावर निम्मे लोक परत दिसत नाहीत. पूर्वी त्याचं वाईट वाटायचं.

त्या जुलैच्या शनिवारी पाच जण होते. केरळची एक नर्स, घरची मार थोमा या तिकडच्या ख्रिस्ती मंडळीतली. आजऱ्याकडचा एक कॅथलिक तरुण, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. आमच्याकडं तबला वाजवणारा एक मुलगा, त्याचं जिच्याशी लग्न ठरलं होतं ती मुलगी, आणि तिचे वडील, म्हणजेच मामा. ते शुक्रवार पेठेतले. दारात कोल्हापुरी पायताण काढून आत आले, बाकीचे बूट घालूनच बसलेत हे बघून क्षणभर थबकले, पण परत घालायला गेले नाहीत.

"मी बदलायला आलेलो न्हाई, फादर. पोरगी म्हणाली, एकदा बघून तरी या. म्हणून आलोय."

"मामा, आमच्यात फादर म्हणत नाहीत. पाळक म्हणतात."

"पाळक म्हंजे मेंढरं राखणारा?"

"तोच."

ते हसले आणि शेवटपर्यंत फादरच म्हणत राहिले.

माझा पहिला शनिवार ठरलेला असतो. ३१ ऑक्टोबर १५१७, विटेनबर्ग, मार्टिन ल्यूथर, पंच्याण्णव मुद्दे, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेची सुरुवात. नंतर तीच पुढं नेणारे जिनिव्हात कॅल्विन, स्कॉटलंडमध्ये नॉक्स, तिथून अमेरिका आणि अमेरिकेतून आपलं कोल्हापूर. सगळं प्रोजेक्टरवर, नकाशासकट. आता वाटतं, पंचगंगेच्या काठच्या माणसाला विटेनबर्गपासून चालवत आणायचं म्हणजे जोतिबाला जायला बेळगावची एसटी धरण्यासारखं आहे. पण त्या दिवशी मी तसंच सुरू केलं होतं.

आजऱ्याच्या मुलानं लगेच विचारलं, आमच्यात आणि तुमच्यात फरक काय? मी सांगितलं. पोप नाही. संस्कार सात नाहीत, दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. मरीयेबद्दल आदर आहे, पण तिच्याकडं प्रार्थना करत नाही. पापांची कबुली देवापुढं, मधे पाळक लागत नाही. विश्वासाच्या बाबतीत शेवटचा शब्द पवित्र शास्त्राचा. त्याला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. रविवारी आम्ही जो प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणतो, त्यात 'पवित्र सार्वत्रिक मंडळी' असे शब्द येतात. इंग्रजीत तिथं 'कॅथलिक' हाच शब्द आहे. "म्हणजे तुम्ही पण कॅथलिकच?" तो म्हणाला. छोट्या अक्षरातला कॅथलिक, सगळ्या जगातल्या मंडळीचा, असं मी म्हटलं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. नर्सचा प्रश्न प्रभुभोजनाचा होता आणि तो दोन मिनिटांत मिटला. तिचा बाप्तिस्मा झालेला आहे, आमच्या मेजावर तिला जागा आहे.

मामा गप्प बसून ऐकत होते. मी 'कृपा' या स्लाइडवर आलो. माणूस स्वतःच्या पुण्याईनं तरत नाही, देवाच्या कृपेनं तरतो आणि ती विश्वासानं घ्यायची असते. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा कणा तो.

"नवस चालतो का तुमच्यात?"

"नाही चालत, मामा. फेडायचं काही उरलेलंच नाही, असं आम्ही मानतो. ख्रिस्तानं ते फेडलेलं आहे."

"म्हंजे कुणीतरी आधीच बिल भरून गेलंय."

"हो."

"मग माणूस रोज फुकट जेवायला येणार की! सुधारणार कवा?"

हॉलमध्ये सगळे हसले. मला मात्र सुरसुरी आली. हा प्रश्न प्रेषित पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला, स्वतःच मांडून ठेवलाय. कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? सेमिनरीत आम्हाला त्यावर चांगला आठवडा लागला होता. मामांनी तो चहाचा कप खाली ठेवायच्या आत गाठला. मी उठून पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली. "त्यालाबी कुणीतरी इचारलेलं दिसतंय," म्हणाले.

मंडळीचा कारभार सांगताना मला काहीच कष्ट पडले नाहीत. आमची मुळं प्रेस्बिटेरियन. पाळक एकटा काही ठरवत नाही, मंडळीनं निवडलेले वडील असतात, हिशेब वार्षिक सभेपुढं मांडावा लागतो. "आमच्या तालमीचं असंच हाय," मामा म्हणाले. "भांडणंबी होत असतील." होतात, मी म्हटलं. यावर तबलजी मुलगा खाली बघून हसला, कारण मागच्या सभेत भांडण साउंड सिस्टिमवरून झालं होतं आणि त्यात तो होता.

मग आलं ते नेहमीचं. "पण हे बाहेरचंच की ओ."

याला माझ्याकडं तयार उत्तर असतं. टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, सापडला आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर. कोल्हापुरात बाहेरचं येणं काय आजचं नाही.

"व्हय, बघितलाय," मामा म्हणाले. "पर त्याला कोण पुजतंय?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून मी नकाशा बंद केला आणि इथलीच गोष्ट सांगितली. रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी बायको एलायझासह १८५२ च्या डिसेंबरात कोल्हापुरात आला. शाळा काढल्या. पुढं पाठवणाऱ्या संस्थेशी फाटलं, तरी काही वर्षं त्यानं हे काम स्वतःच्या जबाबदारीवर चालवलं, आणि १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. त्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढं अमेरिकेत कॉलेजच्या पोरांची मोठी मिशनरी चळवळ उभी राहिली, ती ज्यांनी उभी केली त्यांत हा कोल्हापूरचा पोरगा पुढं होता. मिरजेला डॉ. वानलेस आले, १८९४ मध्ये दवाखाना उभा राहिला.

"वानलेस!" मामा खुर्चीत सरसावले. "आईचं ऑपरेशन तिथंच. बैलगाडीतनं स्टेशन, तिथनं रेल्वेनं मिरज." मग पाच मिनिटं वर्ग त्यांनीच घेतला. शाहू महाराजांनी जातीजातींची वसतिगृहं काढली त्यात एक ख्रिस्ती मुलांचंही होतं, हे मी मधे घुसवून बघितलं. आईच्या ऑपरेशनपुढं ते कुणी ऐकलं नाही.

पाच वाजत आले होते. मी प्रार्थना करून संपवणार, इतक्यात मामा म्हणाले, "एक राह्यलं. मेल्यावर काय?"

मी पुनरुत्थानावर सुरू झालो. त्यांनी हात वर केला.

"तसं न्हवं. पोरगी मेल्यावर न्यायची कुठं?"

मुलगी "अहो बाबा!" म्हणाली. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. मग हळूहळू कळलं. होळी झाली की गल्लीगल्लीतून पंचगंगा स्मशानभूमीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान होतात. शुक्रवार पेठेत त्या गोळा करायचं काम मामा कित्येक वर्षं करतायत. टेम्पो ठरवणं, मोजणं, रचणं. त्यांचे आईवडील, थोरला भाऊ, बायको, सगळे त्याच घाटावर गेले. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, नदी समोरच. पोरीला मातीत ठेवणार, या एका विचारानं त्यांना दोन महिने झोप नव्हती. ल्यूथरचं त्यांना काही पडलं नव्हतं.

सेमिनरीत याचं उत्तर शिकवत नाहीत. मी म्हटलं, "चला, दाखवतो."

आजऱ्याचा मुलगा आणि नर्स घरी गेले. आम्ही चौघं माझ्या गाडीतून दफनभूमीवर गेलो. पाऊस नुसता भुरभुरत होता. जुलैतलं गवत गुडघ्यापर्यंत. फाटकाशी मामांनी परत पायताण काढलं. मी म्हटलं, चिखल आहे, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही.

ते एकेक दगड वाचत चालले, मोठ्यानं, शाळेतल्या पोरासारखे. जाधव. कांबळे. गायकवाड. मोहिते. 'प्रभूमध्ये निद्रिस्त.' "ही तर आपलीच आडनावं," म्हणाले. मी त्यांना खरं ते सांगितलं. आमच्या बहुतेकांचे पूर्वज महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आले. मोजके वरच्या म्हणवणाऱ्या जातींतले. इथं त्यांच्या रांगा वेगळ्या नाहीत. लग्न जमवताना मात्र आमच्यातही अजून दबक्या आवाजात चौकशी होते, आणि ती मी कधी खपवून घेतलेली नाही, असं मला म्हणता येणार नाही. मामा काही बोलले नाहीत. जावयाच्या आजोबांचा दगड कुठला, एवढंच विचारलं. मुलानं नेऊन दाखवला.

"सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला का?"

पाय पूर्वेकडं, मी सांगितलं. उठतील तेव्हा समोर उगवता सूर्य असावा, अशी जुनी समजूत. ईस्टरच्या पहाटे, अंधार असतानाच, आम्ही मेणबत्त्या घेऊन इथं येतो, गाणी म्हणतो, आणि उजाडलं की घरी जाऊन नाश्ता करतो. गाणी कसली? तर बरीचशी अभंगाच्या, ओवीच्या चालीची. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण आपला अभंग सोडून आले नाहीत. तबलजीनं एक ओळ गुणगुणली. मामांनी मांडीवर ठेका धरला. भजनी मंडळातला हात तो.

कोपऱ्यात एक बुटका, शेवाळलेला दगड आहे, एका मिशनरी कुटुंबाच्या सात महिन्यांच्या बाळाचा. मामा तिथं उकिडवे बसले. अंगठ्यानं शेवाळ खरवडून त्यांनी महिने वाचले. इंग्रजी आकडेच होते, पण सात त्यांना कळला. "एवढंसं लेकरू इथं ठेवून माणसं परत गेली?" काही गेली, काही इथंच राहिली, मी म्हटलं. त्यांनी आजूबाजूचं गवत उपटलं. मुठीत आलं तेवढं.

मग मी त्यांना कायदा सांगितला, तो खरं तर पहिल्याच मिनिटाला सांगायला हवा होता. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लग्न लागतं. त्यासाठी मुलीनं बाप्तिस्मा घेतलाच पाहिजे असं त्यात नाही. तो कायदाही नको असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, रजिस्ट्रारपुढं. बाप्तिस्मा ही तिची गोष्ट. घ्यायचा तर समजून, नाहीतर नाही. आणि मातीत की घाटावर, हे ती आणि तिचं घर ठरवेल, मी ठरवणार नाही.

"तिला इचारा," मामा म्हणाले.

मुलगी इतका वेळ छत्री धरून मागं उभी होती. म्हणाली, "बाबा, माझं लग्न ठरलंय. मरायचं अजून ठरलेलं नाही."

तबलजीला हसू आवरेना. मामा आधी चिडले, मग तेही हसले, आणि आम्ही पाऊस वाढायच्या आत गाडीकडं पळालो. त्यांचं पायताण फाटकाशी भिजून लगदा झालं होतं. हातात धरूनच ते घरी गेले.

संध्याकाळी हॉल आवरताना फॉर्म सापडला. नाव, पत्ता व्यवस्थित. 'पूर्वीचा धर्म' मधला 'पूर्वीचा' खोडून पुढं 'हिंदू'. खाली 'पुढील शनिवारी येणार का? हो / नाही', त्यातलं हो आणि नाही दोन्ही खोडलेलं आणि शेजारी लिहिलेलं, 'पाऊस नसला तर.'

पाऊस होता. गुरुवारी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून गेली, शुक्रवारी ती ४३ च्या, धोक्याच्या दिशेनं चढायला लागली आणि वर्ग रद्द करावा लागला. पाचही जणांना मेसेज टाकला. चौघांनी अंगठा दाखवला. मामांचं उत्तर तासाभरानं आलं.

"आमच्या गल्लीच्या तोंडाला पाणी आलंय. तुमच्या हॉलची किल्ली कुणाकडं असती?"

मी लिहिलं, माझ्याकडं. आणि गाद्या मोजायला खाली उतरलो.