विडी ओढायला थांबलेला माणूस

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा म्हटल्यावर सहली, स्नेहसंमेलन आणि पटांगण यांवर मित्रमंडळी लिहिणार, हे ठरलेलंच. मी व्याकरणावर लिहितो. इंग्रजी क्रियापदापुढं ‘टू’ लावायचा की ‘आयएनजी’, या प्रश्नानं कर्नाटकातल्या निपाणीच्या आम्हा मराठी माध्यमातल्या पोरांना एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, छळलं.

इंग्रजीचे सर म्हणत, घोळाचं मूळ आपल्या बोलीत आहे. ‘काय करायलायस?’ ‘जेवायलोय.’ म्हणजे चालू कामालाही आपण ‘आयला’ लावतो आणि ‘जेवायला चल’ म्हणतानाही तोच. मग ‘खेळायला आवडतं’ म्हणून पोरं बिनधास्त ‘आय एन्जॉय टू प्ले’ लिहिणार. त्यावर सरांनी उतारा शोधला तो कन्नडमधून. सीमाभागातलं पोर कुठल्याही माध्यमात असो, बाजारापुरतं कन्नड त्याला येतंच. तंबाखूच्या गावात उदाहरणही विडीचंच. ‘बीडी सेदोदु बिट्ट’ म्हणजे विडी ओढणं सोडलं: ही स्टॉप्ड स्मोकिंग. ‘बीडी सेदलिक्के निंत’ म्हणजे विडी ओढायला थांबला: ही स्टॉप्ड टू स्मोक. एकाची विडी गेली, दुसऱ्यानं आत्ता पेटवली. वर्ग खदखदला आणि नियम डोक्यात बसला.

त्याच धाग्यानं ‘रिमेंबर’ आलं. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’, कुलूप लावल्याचं आठवतंय, काम झालेलं. ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’, लावायचं विसरू नको, काम अजून व्हायचंय. वाँट, होप, डिसाइड यांचं तोंड पुढच्या कामाकडं, म्हणून त्यांना ‘टू’. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड यांना ‘आयएनजी’. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शेतकरी महामार्गावर बसले होते, तेव्हा प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथं होतं. सरांनी फळ्यावर लिहिलं: ‘द फार्मर्स रिफ्यूज्ड टू मूव्ह.’ खाली लिहिलं: ‘दे केप्ट ऑन सिटिंग.’ असली वाक्यं गाइडात कुठली?

हा ‘झालेलं की व्हायचं’चा हिशेब सगळीकडं चालत नाही, हे मला पुढं क्लासेस घेताना कळलं. ‘सजेस्ट’मधलं काम अजून व्हायचं असतं, तरी त्याला ‘आयएनजी’च लागतो. ‘मॅनेज्ड’मध्ये काम उरकलेलं, तरी ‘टू’. आणि अर्जाच्या शेवटी पोरं हमखास ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअर’ लिहितात. तिथला ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखा, त्याच्यापुढं ‘हिअरिंग’च हवं. अशा क्रियापदांची यादी पाठ करावी लागते, पळवाट नाही. पण निम्मं गाडं तरी सरांच्या विडीवर अजून निघतं. माझ्या मते आधी गोष्ट आणि मग यादी हाच क्रम बरा. हल्ली उलटं चालतं.

‘मेक’ शिकवताना मात्र सरांची अडचण झाली होती. सर आम्हाला लिहायला लावतात: ‘ही मेक्स अस राइट’, मध्ये ‘टू’ नाही. कर्मणी केलं की ‘वी आर मेड टू राइट’, गेलेला ‘टू’ परत हजर. पुढच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, “सर, हा आता कुठनं आला?” सर खडूकडं बघत म्हणाले, “आलाय न्हवं? मग घे लिहून.”